ऋतूंची कादंबरी स्वतः काढताना : पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

कादंबरी स्वतःच छापायची असे ठरले की बहुतेक जण पहिला फोन छापखान्याला लावतात. "दोनशे चाळीस पानं, हजार प्रती, काय पडेल?" हा प्रश्न विचारायलाच हवा, पण त्याचा नंबर बराच नंतर लागतो. ज्या कादंबरीत माणसांच्या गोष्टीबरोबर शिमगा, आगोट, श्रावण, सुगी असे अख्खे वर्ष फिरते, तिचा हिशेब पहिल्या टिपणवहीपासून मांडावा लागतो. माझे मत आधीच सांगून टाकते. अशा पुस्तकाचे पैसे संपादनावर, मुद्रितशोधनावर आणि निसर्गाच्या जाणकाराकडून करून घेतलेल्या तपासणीवर खर्च करावेत. वाचवायचे असतील तर प्रतींच्या संख्येत वाचवावेत. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. हजार प्रती येतात, त्यातल्या सातशे पलंगाखाली राहतात आणि पानापानावर चुका असतात.

खाली दिलेले दर अंदाज बांधण्यासाठी आहेत. ते गावागणिक आणि माणसागणिक बदलतात. प्रत्येक कामासाठी किमान तीन जणांकडून लेखी कोटेशन घ्या.

वर्षभर पाहण्याचा खर्च

हा सगळ्यात स्वस्त भाग आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचाही. लांबच्या सहली कमी करा आणि घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा निवडा. ओढ्याचा काठ, गावाबाहेरचा माळ, कॉलनीतली झाडे, काहीही चालेल. तिथे बारा महिने जा. एकाच काटेसावरीवर वर्ष काढले तरी कादंबरीला पुरेल इतके मिळते. जानेवारीत ती निष्पर्ण होते, फांद्यांवर कळ्यांचे काळपट गोळे दिसू लागतात. फेब्रुवारीत लाल मांसल फुले उघडतात आणि मैना, कोतवाल, बुलबुल सगळे तिथेच भांडतात. एप्रिल संपता संपता बोंडे फुटून कापूस रस्त्यावर उडत असतो. वहीत तारीख, वेळ, जागा आणि पाहिलेली गोष्ट एवढेच लिहा. भावना नंतर सुचतील, तारीख नंतर आठवत नाही.

खर्च म्हणाल तर वही-पेन, ८×४२ ची साधी दुर्बीण घ्यायची असल्यास सहा ते दहा हजार, आणि प्रवास. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि वयाची ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत आहे. आपल्या भागात कोणता पक्षी कोणत्या महिन्यात दिसतो हे ईबर्ड या संकेतस्थळावर फुकट पाहता येते. झाडे कधी फुलतात, कधी फळतात याच्या देशभरातल्या नोंदी सीझनवॉच या उपक्रमात जमा होतात, त्यातही पैसे लागत नाहीत.

एखादा प्रवास टाळता येत नसेल तर आधी तारखा तपासा. ताडोब्याचा गाभा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, पर्यटकांना बंद असतो. कासची फुले ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात पाहायला मिळतात, आणि शनिवार-रविवारी गेलात तर फुलांपेक्षा माणसेच जास्त दिसतील. भंडारदरा, राजमाची या बाजूचे काजवे मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी. कारवीचे प्रकरण तर आणखी नाजूक आहे. ती एका जागी सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिकपणे फुलते. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ साली फुलली. तुमची नायिका २०१९ मध्ये तिथल्या जांभळ्या डोंगरउतारावर उभी असेल, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

पावसाचेही तेच. मुंबईत मान्सून पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, पण २०२५ साली तो २६ मे रोजीच आला. कथानकाला साल दिले असेल तर त्या सालचा पाऊस हवामान खात्याच्या नोंदीत पाहून घ्या.

जाणकार, संपादक, मुद्रितशोधक

मराठी वाचकाने दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' वाचलेले असते, व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' वाचलेले असते. निसर्गाच्या बाबतीत तो चोखंदळ आहे. ऐन थंडीत ओरडणारा चातक किंवा भर पावसात फुललेला पळस त्याला खटकतोच. म्हणून हस्तलिखितातली निसर्गाची पाने तरी एखाद्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला किंवा अनुभवी पक्षीनिरीक्षकाला दाखवा, आणि हे काम फुकट मागू नका. तीन ते पाच हजार मानधन आधी ठरवा, पुस्तकात आभार माना.

संपादनाचा दर बहुधा शब्दांवर असतो, तीस ते साठ पैसे शब्दाला. साठ हजार शब्दांच्या कादंबरीला ४० पैशांनी २४ हजार होतात. हा आकडा ऐकून अनेकांचा पाय मागे येतो, पण मी सगळ्यात आधी याच पैशांची सोय करायला सांगेन. ऋतुवर्णन करणाऱ्या लेखकाला वर्णन आवरत नाही. कोणती तीन पाने काढली की उरलेले एक पान झळकेल हे तटस्थ माणूसच सांगू शकतो. पूर्ण काम देण्यापूर्वी दहा पानांचे नमुना संपादन करून मागा, त्याचे पैसे द्या, आणि मगच ठरवा.

मुद्रितशोधन वेगळे आणि संपादन वेगळे. मुद्रितशोधन पानावर असते, एका वाचनाला दहा ते पंचवीस रुपये. दोन वाचने हवीतच. एक मांडणीच्या आधी आणि एक मांडणी झाल्यावर. दुसरे वाचन का हवे, तर जुन्या टंकांमुळे. अनेक डीटीपीवाले अजून श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये काम करतात. युनिकोडमधला मजकूर तिकडे नेताना जोडाक्षरे मोडतात, आणि सगळ्यात आधी मोडतो तो अर्धा र. निसर्गाच्या कादंबरीत तर वाऱ्यावर, किनाऱ्यावर, झऱ्याकाठी हे शब्द पानागणिक येणार. मांडणीचे पहिले प्रूफ आले की हेच शब्द आधी शोधा. दुसरे म्हणजे ल आणि श ही अक्षरे पाहा. हिंदी वळणाचे ल आणि श असलेला टंक वापरला तर मराठी पान परके दिसते. मराठी वळणाचे मोफत टंक उपलब्ध आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा आहे, टिरो देवनागरी मराठी आहे. मांडणीला पानी वीस-तीस रुपये पडतात, त्यामुळे हे आग्रहाने मागायचा हक्क तुम्हाला आहे. शेवटी पीडीएफबरोबर खुली फाइलही ताब्यात घ्या, म्हणजे पुढच्या आवृत्तीत दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे पडणार नाहीत.

कवितेच्या दोन ओळी

प्रकरणाच्या सुरुवातीला पावसाच्या, श्रावणाच्या ओळी घालायचा मोह होतो. कायदा असा आहे की लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे असतात, आणि मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून होते. बालकवी १९१८ साली गेले, मर्ढेकर १९५६ साली. त्यांची मुदत संपली आहे. बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे २०४४ अखेरपर्यंत परवानगी हवी. ना. धों. महानोर २०२३ साली गेले. इथेही वारसांची लेखी परवानगी लागेल, आणि काही वेळा मानधनही. इंटरनेटवरून उचललेला धनेशाचा फोटो मुखपृष्ठावर लावणे हा तर सरळ हक्कभंग आहे. छायाचित्रकाराशी बोला, एका आवृत्तीपुरता हक्क लिहून घ्या. मुखपृष्ठाला एकूण पाच ते पंधरा हजार धरा.

तुमच्या स्वतःच्या कादंबरीचा हक्क ती लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करायची असेल तर साहित्यकृतीचे शुल्क ५०० रुपये आहे. यासाठी दलालाला चार-पाच हजार देण्याचे कारण नाही.

छपाई

पुस्तक डेमी आकारात, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंचांत काढावे. छापखान्यात हिशेब फर्म्यावर चालतो आणि फर्मा १६ पानांचा असतो. २४० पाने म्हणजे बरोबर १५ फर्मे. मजकूर २४३ पानांवर गेला तर वाढीव कागद, प्लेट आणि बांधणीचे पैसे पडतात, म्हणून मांडणी करणाऱ्याला पाने १६ च्या पटीत बसवायला सांगा. ऑफसेटमध्ये प्लेटचा खर्च शंभर प्रतींना तेवढाच आणि हजार प्रतींना तेवढाच, त्यामुळे संख्या वाढली की प्रतीमागचा दर उतरतो. डिजिटल छपाईत प्लेटच नसते, म्हणून कमी प्रतींना ती परवडते. २४० पानांच्या साध्या बांधणीच्या पुस्तकाला ३०० प्रतींसाठी प्रतीमागे १०० ते १२०, आणि हजार प्रतींसाठी ६० ते ७५ रुपये असा अंदाज धरायला हरकत नाही.

कागद निवडताना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ७० जीएसएम कागदावर हे पुस्तक मुखपृष्ठासह साधारण पावणेतीनशे ग्रॅम भरते. ८० जीएसएम घेतला तर वजन ३०० च्या वर जाते. पोस्टाने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सेवा सुरू केली आहे, तिचा पहिला टप्पा ३०० ग्रॅमचा आणि दर २० रुपये अधिक कर. म्हणजे कागद जरा हलका घेतला आणि वेष्टन पातळ ठेवले, तर प्रत्येक प्रत खालच्या टप्प्यात जाते. ५ किलोपर्यंतचा गठ्ठा १०० रुपये अधिक करात जातो. ही सेवा शैक्षणिक, सांस्कृतिक वगैरे पुस्तकांसाठी आहे, तेव्हा कादंबरी त्यात स्वीकारतात का हे आपल्या टपाल कार्यालयात आधी विचारून घ्या.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण छपाईच्या बिलावर लागतो, आणि नोंदणी नसलेल्या लेखकाला तो परत मिळत नाही. म्हणून कोटेशन करासह आणि वाहतुकीसह मागा.

आता ऋतूचा हिशेब छापखान्यातही करा. एप्रिल ते जून शाळेची पुस्तके आणि वह्या, ऑगस्टपासून दिवाळी अंक, दिवाळीनंतर कॅलेंडर, डायऱ्या आणि लग्नपत्रिका. या काळात तुमच्या ३०० प्रती मागे पडणारच. जुलै आणि फेब्रुवारी हे दोन महिने त्यातल्या त्यात मोकळे असतात, दरही थोडा कमी करून मिळतो. जुलैत अडचण ओल्या हवेची. कागद दमट होतो, शाई वाळायला वेळ लागतो, एका बाजूने लॅमिनेशन केलेले मुखपृष्ठ वळते. तेव्हा कोरड्या ठिकाणी ठेवलेला कागद, लॅमिनेशनपूर्वी पुरेसे वाळवणे आणि कागदाचा तंतू कण्याला समांतर, हे तीन मुद्दे कामाच्या लेखी आदेशात घाला. तंतू आडवा असेल तर कण्याजवळ पाने लहरी होतात आणि पुस्तक नीट उघडत नाही. पहिली बांधलेली प्रत हातात घ्या, मधोमध पूर्ण उघडा, पाने हलकेच ओढा. पान सुटले तर बाकीच्या प्रती बांधू देऊ नका.

एकूण बेरीज

३०० प्रतींचा एक हिशेब मांडू. संपादन २४,०००, जाणकाराची तपासणी ४,०००, दोन मुद्रितवाचने ७,२००, मांडणी ६,०००, मुखपृष्ठ ८,०००, छपाई ११० रुपयांनी ३३,०००, टपाल-वाहतूक-किरकोळ ५,०००. एकूण ८७,२००. हस्तलिखित कागदावर असेल तर अक्षरजुळणीचे सहा-सात हजार वेगळे.

किंमत ३५० ठेवली, ४० प्रती अभिप्रायासाठी, ग्रंथालयांना आणि भेट म्हणून गेल्या, उरलेल्या २६० पैकी निम्म्या तुम्ही स्वतः १० टक्के सवलतीने विकल्या आणि निम्म्या विक्रेत्याला ४० टक्के कमिशनने दिल्या, तर हाती ६८,२५० येतात. पहिल्या आवृत्तीत सुमारे १९ हजार खिशातून जातात. हे आधीच मान्य करून कामाला लागावे. त्या ३०० संपल्या आणि पुन्हा ३०० छापल्या, तर मात्र खर्च मुख्यतः छपाईचाच असतो. तूट भरून वीसेक हजार शिल्लक राहू शकतात.

कोणी म्हणेल, दोनदा ३०० छापायला जेवढे लागतात तेवढ्यात एकदाच हजार होतात. खरे आहे, दोन्हीकडे एक लाख वीस हजारांच्या आसपासच जातात. फरक असा की हजार छापल्यावर पहिल्याच दिवशी ३२ हजार जास्त अडकतात. विक्री २६० वरच थांबली तर तूट १९ ऐवजी ५१ हजारांची होते आणि ७०० प्रतींना भिंतीची ओल, कसर, वाळवी यांपासून जपावे लागते. म्हणून प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करा, ३५० चे पुस्तक २५० ला, पैसे आगाऊ. पाचशे मागण्या खरोखर आल्या तर खुशाल हजार छापा.

फुकट मिळणाऱ्या गोष्टी आणि पॅकेज

आयएसबीएन भारतात मोफत मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन होतो, लेखक स्वतःच्या नावाने प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. कंपनी काढावी लागत नाही. किंडलवर मराठी ई-पुस्तक २०१६ पासून चढवता येते, चढवायला शुल्क नाही. मात्र भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल, तर ई-पुस्तक फक्त तिथेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. मग बुकगंगासारख्या मराठी ठिकाणी तेच ई-पुस्तक देता येत नाही. मराठी वाचक कुठे आहे याचा विचार करून निवडा.

'सर्वसमावेशक प्रकाशन पॅकेज' ४० हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत मिळते. ज्यांना वेळ नाही त्यांनी ते घ्यायला हरकत नाही, पण सही करण्यापूर्वी करार शांतपणे वाचा. आयएसबीएन कोणाच्या नावावर? कंपनीच्या नावावर असेल तर नोंदीत प्रकाशक तीच. भाषांतर, ध्वनिपुस्तक, चित्रपट हे हक्क कुठल्या तरी कलमात गेले आहेत का? '१०० टक्के रॉयल्टी' म्हणजे छापील किमतीवर की सगळे खर्च वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर? ३५० च्या पुस्तकावर हा फरक शंभर रुपयांहून मोठा असू शकतो. विक्रीचा अहवाल किती महिन्यांनी? करार मोडला तर फाइल आणि शिल्लक प्रती कोणाच्या? 'प्रसिद्धी' या शीर्षकाखाली नेमके काय होणार हे तारखांसह लिहून घ्या. समाजमाध्यमावरच्या चार पोस्टसाठी १५ हजार हा दर मला अजिबात पटत नाही.

पैसे एकरकमी देऊ नका. तीन हप्ते करा, शेवटचा प्रती तपासल्यावर. सेवेत खोट निघाली तर आधी लेखी नोटीस द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. जिल्हा ग्राहक आयोगात, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही. करार, पावत्या, व्हॉट्सअॅपवरचे संभाषण जपून ठेवा.

पुस्तक हातात आल्यावर

प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवणे १९५४ च्या कायद्याने बंधनकारक आहे. वर धरलेल्या ४० प्रतींत या चार आहेत.

पहिलेच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. तिला अर्ज हस्तलिखित असतानाच करायचा असतो, छापून झाल्यावर उपयोग नाही. निर्णयाला वेळ लागतो, म्हणून संपादन चालू असतानाच चौकशी करा. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. तो १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षातल्या पहिल्या आवृत्त्यांसाठी असतो, तेव्हा पुस्तकावर प्रकाशनाची तारीख स्पष्ट छापा.

जुलैत छापून ऑगस्टमध्ये प्रकाशन केले तर गणपती ते दिवाळी ओळखीच्यांत विक्री, डिसेंबरात पुण्याचा पुस्तक महोत्सव, मग साहित्य संमेलने असा रस्ता मिळतो. स्टॉल एकट्याने घेऊ नका, भाडे निघत नाही. चार-पाच लेखक मिळून घ्या किंवा एखाद्या विक्रेत्याकडे प्रती ठेवा. राज्यात ११-१२ हजार शासनमान्य ग्रंथालये आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या मोठ्या पंचवीस-तीस ग्रंथालयांना जानेवारीत स्वतः भेटा, पुस्तक दाखवा, पाने उलगडून दाखवा. त्यांची खरेदी मार्चअखेरीला धरून होते. बिलावर पुस्तकाचे नाव, आयएसबीएन, छापील किंमत आणि सवलत वेगवेगळी लिहा, प्रतींबरोबरच बिल द्या आणि पोच घ्या. ३१ मार्च उलटला की तेच बिल पुढच्या वर्षाच्या अनुदानावर जाते.